निबंध शाळेतला, उपयोग रुळावरचा

(बिलासपूर येथे गणेशोत्सवातील निबंध स्पर्धेच्या बक्षीस समारंभात केलेले भाषण)



अशा समारंभाला एखाद्या साहित्यिकाला बोलावण्याची पद्धत आहे. यंदा मंडळाने स्थापत्याचा डिप्लोमा केलेल्या, रुळांची देखभाल करणाऱ्या माणसाला उभे केले आहे. त्यामुळे साहित्यावर मी बोलणार नाही. हायस्कूलमध्ये निबंध लिहायला कसे शिकलो आणि त्याचा उपयोग कुठे झाला, एवढेच सांगणार आहे.

याला कारणही आहे. कार्यकारिणीच्या बैठकीत प्रश्न निघाला होता, की प्रवेशिका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या येतात, त्यातल्या काहींत आईची भाषा दिसते, मग पुढच्या वर्षापासून ही स्पर्धा बंद का करू नये? निर्णय अजून व्हायचा आहे. तो होण्यापूर्वी माझे म्हणणे आपण ऐकावे.

माझे शिक्षण भंडारा जिल्ह्यात, तुमसरजवळच्या एका गावात झाले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आठवीच्या वर्गाला 'पावसाळ्यातील एक दिवस' हा विषय मिळाला. बाजारातल्या निबंधांच्या पुस्तकांत धरणीमाता हिरवा शालू नेसायची, मोर पिसारा फुलवायचा, मुले कागदी होड्या सोडायची. वर्गातल्या बहुतेक वह्यांत तेच उतरले. आमच्या मराठीच्या सरांनी सगळ्या वह्या वाचल्या, पण गुण दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी तासाला त्यांनी सर्वांना शाळेमागच्या धानाच्या बांध्यांवर नेले. रोवणी चालू होती. सर म्हणाले, "अर्धा तास बघा. जे दिसेल, जे ऐकू येईल, त्याच्या दहा ओळी टिपा. सुंदर, रम्य, मनोहर हे तीन शब्द मात्र वापरायचे नाहीत."

पहिल्या चार-पाच ओळी पटकन झाल्या. त्यानंतर खरोखर बघावे लागले. मग दिसले, की बाया मागे मागे सरकत रोवतात. पऱ्ह्यांच्या पेंड्या बांधीत अंतराअंतराने आधीच टाकलेल्या असतात, म्हणजे उठून जावे लागत नाही. एकीने गाणे धरले की सगळ्यांच्या हातांना एक लय येते. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरचे हे काम, पण ते निबंधात लिहिण्याजोगे असते, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

पुढचे तास त्या दहा ओळींवरच गेले. एका परिच्छेदात एकच गोष्ट सांगायची. दोन वाक्यांची अदलाबदल करून काहीच फरक पडत नसेल, तर क्रम अजून लागलेला नाही असे समजायचे. पहिले वाक्य झाकून वाचायचे, त्यावाचून अडत नसेल तर ते खोडायचे. शेवटी बाकावरच्या शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि तो जिथे "म्हणजे?" असे विचारेल, तिथे खूण करायची. वैचारिक निबंध असेल तर विरुद्ध बाजूचे म्हणणे आधी नीट मांडायचे, मग आपले. सर म्हणायचे, "निबंध या शब्दात बंध आहे. सुट्या काड्या आणि मोळी यांत जो फरक, तोच इथे."

पुढे डिप्लोमा करून रेल्वेत आलो. पावसाळ्यात रात्री पेट्रोलमन दिवा घेऊन रूळ तपासत चालतो, हे इथल्या अनेकांना ठाऊक आहे. त्याने पाहिलेले आणि आम्ही तपासलेले कागदावर येते. 'पुलाची स्थिती ठीक नाही, लक्ष देणे आवश्यक' हे वाक्य म्हणजे हिरवा शालूच! कोणता पूल, कोणती बाजू, माती किती खचली, पाणी कुठून जात आहे, गाडीला वेगमर्यादा लावली का, हे क्रमाने लिहावे लागते. ज्याने ती जागा पाहिलेली नाही असा अधिकारी ते वाचतो आणि गाडी जाऊ द्यायची की थांबवायची, हे ठरवतो. आमचे अहवाल हिंदीत किंवा इंग्रजीत असतात. पण आधी बघावे, मग क्रम लावावा, मग लिहावे, हे मी मराठीच्या तासाला शिकलो.

आता आपल्या मुलांकडे वळतो. ती शाळेत हिंदी आणि इंग्रजी शिकतात, घरी मराठी बोलतात. बोलणे टिकले आहे, लिहिणे सुटत चालले आहे. 'बाबांनी मला चांगली शिक्षा दिली' असे मूल लिहिते, तेव्हा त्याला शिक्षण म्हणायचे असते! 'ळ' काढताना पेन अडते. आपण हसतो आणि सोडून देतो. पण आपण इथे कसे आलो, बदल्यांत कुठे कुठे राहिलो, आजी मूळ गावाच्या कोणत्या गोष्टी सांगायची, हे उद्या मराठीत कोण लिहिणार? आजीचे शब्द तिच्याच भाषेत लिहिले तरच ते तिचे राहतील.

मराठीने हिंदी बिघडेल, ही भीती बाळगू नये. घरी मराठी बोलणाऱ्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली आपल्याच भागातल्या पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. समर्थांचा दासबोध आणि लोकमान्यांचे गीतारहस्य त्यांनी हिंदीत नेले. दोन्ही भाषा हाताखाली होत्या म्हणून ते साधले.

म्हणून माझी विनंती आहे की स्पर्धा बंद करू नये, बदलावी. घरून लिहून आणण्याऐवजी निबंध मंडपातच लिहावा. विषय डोळ्यांसमोरचे द्यावेत: अरपा नदीचा काठ, क्वार्टरमागचे झाड, आजीची एक सवय, स्टेशनवरचा अर्धा तास. ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापू नयेत. शब्द अडला तर हिंदी शब्द लिहून खाली रेघ मारावी, मराठी शब्द नंतर मोठ्यांनी सांगावा. आणि बक्षीस मिळो वा न मिळो, प्रत्येक मुलाचा निबंध स्मरणिकेत त्याच्याच शब्दांत छापावा. तयारीसाठी रविवारी, ड्युटी नसेल तेव्हा, एक तास मी देईन. आणखी दोघा-तिघांनी पुढे यावे. काकू-मावशींनी आल्या तर फारच उत्तम, त्यांचे मराठी आम्हा पुरुषांपेक्षा चांगले आहे.

महाभारत लिहिताना व्यासांनी गणपतीला अट घातली होती, की अर्थ समजल्याशिवाय एकही श्लोक लिहायचा नाही. लेखनाच्या या देवतेसमोर आपली मुले समजून, बघून चार ओळी लिहू लागली, तर त्याहून चांगला नैवेद्य कोणता?

सर्व विजेत्यांचे आणि भाग घेणाऱ्या प्रत्येक मुलाचे मनःपूर्वक अभिनंदन.

गणपती बाप्पा मोरया!