पानावरची नजर



आज मी माझ्या सासऱ्यांविषयी बोलणार आहे. घरात आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांचे ते सर. हयातभर त्यांनी मुलांना एकच विद्या शिकवली, आलेल्या माणसाला नीट जेवू घालण्याची.

नव्या वर्गाचा पहिला तास ते जमिनीवर घ्यायचे. मोहोळ, बार्शी, अक्कलकोटकडची मुलं इंग्रजी शब्दांच्या धास्तीनं अंग चोरून बसलेली असायची. दादा केळीचं पान मांडायचे आणि त्यातल्याच एकाला म्हणायचे, “वाढ.” मीठ वर मधोमध, डाव्या हाताला लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडं भाजी, आमटी. पोरगा कुठंच अडायचा नाही. लग्नाकार्यात हातात बादली घेऊन पंगतीतून धावलेली पोरं ती! मग दादा त्यांना टेबलापाशी नेत. काटा डावीकडं, सुरी उजवीकडं. मोठ्या ताटातलं वाढायचं ते पाहुण्याच्या डाव्या बाजूनं, रिकामी थाळी उचलायची ती उजवीकडून. तोवर मुलांची भीड चेपलेली असायची.

ते स्वतः दादरच्या केटरिंग कॉलेजात शिकले. स्वातंत्र्यानंतरच्या अन्नटंचाईच्या काळात लीलावती मुन्शींच्या पुढाकारानं १९५४ मध्ये ही संस्था मुंबईत उभी राहिली. त्यामुळं हॉटेलच्या कामाबरोबर पोषणाचा विचारही तिच्या अभ्यासात पहिल्यापासून होता. दादा शिकत होते तेव्हा थंगम फिलिप तिथं प्राचार्य होत्या. १९७६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं ‘मॉडर्न कुकरी’ हे पुस्तक देशभरातल्या हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांनी पिढ्यान् पिढ्या वापरलं. दादांच्या प्रतीची शिवण उसवलेली होती आणि पानापानावर हळदीची बोटं होती. तरी ती दुसऱ्याला द्यायला त्यांचा हात धजत नसे.

त्या शिकवणीतून त्यांना मापाचं वेड लागलं, आणि ते घरीही आलं. आमच्या सासूबाईंची शेंगाचटणी नात्यागोत्यात नावाजलेली. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ. उखळात तेल सुटेपर्यंत कुटायचं. दादांना ती शंभर माणसांच्या मापात बसवायची होती. “अहो, हाताला कळतं ते वहीत कसं यायचं?” असं सासूबाई म्हणायच्या. दादा ऐकत नसत. त्या तिखटाची मूठ भरत आणि उखळात पडायच्या आत दादा मध्येच कागद धरत. मग तो कागद काट्यावर, आणि आकडा वहीत. सगळं कुटून होईपर्यंत दोघांचं हे असंच चाले. ती वही आमच्याकडं आहे. आजही मोठं कार्य निघालं की आधी तीच उघडतो.

चिडताना मी त्यांना फारसं पाहिलं नाही. पंक्तिप्रपंच मात्र त्यांना खपत नसे. घरातल्या एका बारशात कुणीतरी मानाच्या पाहुण्यांना तुपाची धार लावली आणि मांडववाल्याच्या पोरांना कोरडी पुरणपोळी वाढली. दादा उठले. तुपाची वाटी स्वतः घेतली आणि त्या पोरांपासून वाढायला सुरुवात केली. कुणाला एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी मला समजलं, वर्गातली पोरं या माणसावर इतकी माया का करतात.

शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी सोलापुरात मुक्कामाला आली की ते विद्यार्थ्यांना घेऊन वाढायला जात. जाण्याआधी वर्गात दामाजीपंतांची गोष्ट हटकून सांगत. दुष्काळात मंगळवेढ्याचं सरकारी कोठार उघडून लोकांना जगवणारे दामाजीपंत आपल्याच जिल्ह्यातले, याचा त्यांना फार अभिमान. वारीत त्यांची शिस्त हॉटेलातलीच असे: नखं कापलेली, डोक्याला टोपी, आणि नजर पानावर. माणसानं मागायच्या आत आपल्याला दिसलं पाहिजे, हे त्यांचं सांगणं. म्हातारी माणसं संकोचानं मागत नाहीत, म्हणून त्यांच्यासमोरून वाढपी दोनदा गेला पाहिजे.

त्यांची मुलं आता कुठं कुठं आहेत. कुणी जहाजावर, कुणी मोठ्या हॉटेलांत, एक-दोघी स्वतः शिकवतात. दादांच्या दिवसाला यातल्या बऱ्याच जणांनी आम्हाला स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा टाकू दिलं नाही. पण दादांना सगळ्यात कौतुक होतं ते मोहोळच्या बाजूला हायवेवर धाबा टाकलेल्या एका विद्यार्थ्याचं. शेवटी फिरणं होत नव्हतं, तरी त्यांनी मला तिथं गाडी थांबवायला लावली होती. शेजारच्या बाकावर ट्रक ड्रायव्हर जेवत होते. त्यांच्या पुढ्यात आणि आमच्या पुढ्यात ज्वारीची तीच गरम भाकरी आली, तीच शेंगाचटणी, ताकाचा तेवढाच मोठा पेला. दादांनी दोन्हीकडं पाहिलं, आणि पथ्य विसरून आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.