रूळ पुढे कोठवर, आणि कोणासाठी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



उपनगरी रेल्वे पुढे कोठवर न्यावी, या प्रश्नावर ज्याला मत नाही असा मनुष्य मुंबईच्या परिसरात सापडणे कठीण. कर्जतकराला पनवेलकडे जाणारी लोकल हवी आहे. कसाऱ्याच्या माणसाला आसनगावच्या पुढे अधिक फेऱ्या हव्या आहेत. डहाणूकर विरारच्या पुढे रुळांची संख्या केव्हा वाढते याची वाट पाहत आहे, आणि मुरबाडकराला तर अद्याप रूळच पाहावयास मिळालेले नाहीत. या सर्व मागण्या न्याय्य आहेत, आणि अडचण येथूनच सुरू होते. न्याय्य मागण्या एकमेकींच्या आड आल्या की कार्यकर्ता गोंधळतो, आणि ज्या गावी सभा असेल त्या गावाची मागणी उचलून धरून मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी सभा पुढच्या स्टेशनावर असते.

मुंबईची रेल्वे मुळात नोकरदारांसाठी घातली गेलीच नव्हती. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे हे 34 किलोमीटरचे अंतर पहिली गाडी धावली, तिच्या मागे देशावरचा कापूस बंदरावर आणण्याची योजना होती. रोज ये-जा करणारी माणसे मागाहून आली. 1867 साली विरारहून बॅकबेपर्यंत दिवसाला एक गाडी सुटू लागली. 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर-कुर्ला मार्गावर विजेची गाडी धावली आणि 1936 पर्यंत वीज विरारला पोहोचली. परंतु रूळ सदैव वाढतच गेले असे नव्हे. चर्चगेटच्या पुढे गाडी कुलाब्यापर्यंत जात असे. बॅकबेच्या भरावात जमीन मोलाची ठरली आणि 31 डिसेंबर 1930 रोजी तो तुकडा बंद झाला. गाडी कोठे संपावी हे प्रवाशाने ठरविले नाही, जमिनीच्या भावाने ठरविले. त्यानंतर बदलली ती दिशा. कसोटी बदलली नाही.

गिरणगावातील कामगार परळ-लालबागच्या चाळीतून भोंग्याच्या आवाजावर चालत गिरणीत जात असे. त्याला लोकलचा पास काढावयाचे कारण नव्हते. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्यांच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले : एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेस, एक सार्वजनिक घरबांधणीस, एक मालकास. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली, आणि मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. घरांसाठी जमीन उरली ती थोडी. 2024 साली राज्य शासनाने गिरणी कामगारांना व त्यांच्या वारसांना घरे देण्यासाठी जी योजना पुढे केली, तिच्यातील गावे होती वांगणी आणि शेलू. बोरीबंदरापासून वांगणी सुमारे 78 किलोमीटरवर आहे. जमीन लालबागची, घर वांगणीला, आणि या दोहोंमधील अंतर भरून काढण्याचे काम लोकलने करावयाचे! कामगार संघटनांनी या योजनेस विरोध केला आणि जुलै 2025 मध्ये आझाद मैदानावर येऊन मुंबईतच घर मागितले. हा विरोध हट्टाचा आहे, असे म्हणणाऱ्यांनी सहा महिने वांगणीहून सकाळची गाडी पकडून पाहावी.

येथे रेल्वेविस्ताराच्या वादाचे मर्म आहे. रूळ लांबविला की शहरातील घरांचा प्रश्न सुटल्यासारखा दिसतो. वस्तुतः तो केवळ लांब ढकलला जातो, आणि ढकलण्याची किंमत कामगार आपल्या झोपेतून चुकवितो. जाण्यायेण्यात रोजचे चार तास गेले, तर आठ तासांच्या कामासाठी झालेल्या लढ्याचे फळ कोणाच्या पदरात पडले?

आता गाडीच्या हिशेबाकडे वळावे. हा हिशेब कार्यकर्त्याला आलाच पाहिजे. एका रुळावरून दर तीन-चार मिनिटांनी एक याप्रमाणे तासाला फार तर पंधरा-वीस गाड्या सोडता येतात. गर्दीच्या वेळी मध्य आणि पश्चिम या दोन्ही मार्गांवर ही मर्यादा जवळजवळ गाठली गेलेली आहे. अशा वेळी डोंबिवलीहून सुटणारी गाडी बदलापूरहून सोडली, तर बदलापूरकरास गाडी मिळते. परंतु ठाण्याच्या पुढे गाड्यांच्या संख्येत एकाचीही भर पडत नाही. डोंबिवलीच्या फलाटावर जी रिकामी लागत असे, ती आता भरून येते. मग डोंबिवलीकर जागेसाठी आधी उलट दिशेने कल्याणला जातो आणि तेथून बसून परत येतो. कल्याणकर त्याच्याशी भांडतो. पश्चिमेकडे विरारच्या गाडीत चढलेल्या बोरिवलीकराला बोरिवलीला उतरू न देण्याचे प्रकार सर्वश्रुत आहेत. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी राहतात, असे या गर्दीचे माप सांगितले जाते. त्या मापात कामगाराचा शत्रू त्याच्या कोपराला कोपर लागलेला दुसरा कामगार ठरतो, आणि रुळांचा निर्णय घेणारे दोघांच्याही दृष्टीआड राहतात.

दिव्याचे उदाहरण घ्यावे. दिवा हे जुने जंक्शन. ठाण्यात आणि डोंबिवलीत ज्यांना घर परवडले नाही ते येथे राहावयास आले. जलद गाड्या त्यांच्या डोळ्यांदेखत न थांबता निघून जात. 2 जानेवारी 2015 रोजी वाहतूक कोलमडली आणि दिव्याच्या प्रवाशांच्या संतापाचा उद्रेक झाला. वृत्तपत्रांनी दगडफेकीची छायाचित्रे छापली. त्या फलाटाची रोजची सकाळ कोणी छापली नव्हती. जलद गाड्या तेथे थांबू लागल्या त्या डिसेंबर 2016 मध्ये. ठाणे-दिवा दरम्यानचे पाचवे व सहावे रूळ अनेक वर्षे रखडून फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाले, आणि कुर्ल्याच्या दक्षिणेकडील तेच काम जागेच्या अडचणींत मागे राहिले. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दारांत लोंबकळणारे प्रवासी गाडीतून खाली पडले व त्यांतील काही जणांनी प्राण गमावले. गाड्यांतून पडून आणि रूळ ओलांडताना मिळून मुंबईच्या उपनगरी मार्गांवर अलीकडील वर्षांत दरसाल सुमारे अडीच हजार माणसे मरत आली आहेत. रूळ पुढे नेण्याच्या कोणत्याही प्रस्तावास पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे : याने मुंब्र्याच्या वळणावरची गर्दी वाढेल की घटेल? 2019 साली मंजूर झालेल्या कामांत कल्याण-बदलापूर तिसरा-चौथा, कल्याण-आसनगाव चौथा आणि बोरिवली-विरार पाचवा-सहावा असे रूळ आहेत. नव्या स्टेशनाच्या कोनशिलेला जेवढे पुढारी जमतात तेवढे जुन्या मार्गालगत टाकलेल्या चौथ्या रुळासाठी जमत नाहीत. म्हणूनच ही कामे रखडली तरी कोणाची निवडणूक बुडत नाही.

वातानुकूलित गाड्यांचा प्रश्नही यातलाच आहे. थंड गाडी हवी की नको, हा वाद फसवा. साध्या गाडीची वेळ काढून त्या जागी महागड्या भाड्याची गाडी सोडली, तर दुसऱ्या वर्गाच्या पासावर जाणाऱ्याची एक गाडी कमी होते. ऑगस्ट 2022 मध्ये कळवा आणि बदलापूर येथे प्रवाशांनी जो विरोध केला तो यासाठी. गाडीचे दार बंद झालेच पाहिजे, त्याने प्राण वाचतात. परंतु बंद दाराचे भाडे साध्या पासाएवढेच असले पाहिजे.

जमिनीचा हिशेब नवी मुंबईइतका स्पष्ट अन्यत्र दिसत नाही. 1970 साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे-रायगडातील शेतकऱ्यांच्या व आगरी-कोळी गावांच्या जमिनी संपादन झाल्या. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनावर जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला व पाच शेतकरी हुतात्मे झाले. लोकल मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला आली 1992 मध्ये, पनवेलला 1998 मध्ये. खारकोपरपर्यंतचा टप्पा 2018 साली सुरू झाला, आणि उरणला गाडी पोहोचली 12 जानेवारी 2024 रोजी. जासईच्या गोळीबाराला त्या आठवड्यात चाळीस वर्षे पूर्ण होत होती. ज्यांच्या शेतांवर हे सारे उभे राहिले, त्यांच्या गावची गाडी सर्वांत शेवटी आली.

तरीही नवी मुंबईच्या व्यवहारातील एक तत्त्व समाजवाद्यांनी उचलण्याजोगे आहे. मानखुर्दच्या पुढील मार्गांचा सुमारे दोन तृतीयांश खर्च सिडकोने उचलला, उरलेला रेल्वेने. सिडकोकडे हा पैसा भूखंडांच्या विक्रीतून येत होता. गाडी आल्याने जमिनीचे मोल वाढते, तर त्या वाढीतून गाडीचा खर्च निघावा, हा विचार चोख होता. दोष होता तो इतकाच, की वाढीव मोलात मूळ शेतकऱ्याचा वाटा गोळीबार होईपर्यंत कोणाच्या ध्यानात आला नाही. शिवाय प्रवाशाच्या तिकिटावरही अधिभार लादला गेला. परंतु बदलापूर, नेरळ वा कर्जतच्या बाजूस हे तत्त्वसुद्धा नाही. 2016 साली मंजूर झालेल्या पनवेल-कर्जत दुपदरी मार्गासाठी पैसा केंद्राचा, राज्याचा आणि कर्जाचा, म्हणजे अखेर जनतेचा. चौक, मोहपे, चिखले येथे स्टेशने होणार हे ठरताच भोवतालच्या जमिनीचे जे मोल चढते, ते मात्र ज्याने ती शेतकऱ्याकडून आधीच उचलून ठेवली त्याचे. ही वाढ कोणाच्याही श्रमातून आलेली नाही. स्टेशनाभोवतीच्या विशिष्ट परिघात तिचा निम्मा वाटा तरी सरकारजमा करून रेल्वे आणि भाड्याची स्वस्त घरे यांवर खर्च करावा, ही मागणी पक्षाने मांडावी. तसे झाले तर विस्ताराची घाई असलेले कित्येक हितचिंतक आपोआप गप्प होतील.

मग रूळ न्यावयाचे कोठे? याचे उत्तर नकाशात आधीच आहे. दिवा-पनवेल मार्ग 1964 सालचा. दिवा-वसई मार्ग त्यानंतरचा. वसई, भिवंडी, दिवा, तळोजे, पनवेल ही सारी या अर्धवर्तुळावरची गावे. भिवंडीत यंत्रमाग आहेत, गोदामे आहेत. वसईत आणि तळोज्यात कारखाने आहेत. तेथे मजुरांची कमतरता नाही. या रुळांवर नवी जमीन फारशी घ्यावी लागत नाही, कोणाचे शेत जात नाही आणि मुंबईकडे जाणाऱ्या तुंबलेल्या मार्गावर एकाही गाडीचा भार पडत नाही. उलट कल्याणहून वसईला जाण्यासाठी दादरला वळसा घालणारा प्रवासी त्या गर्दीतून बाहेर पडतो. असे असता वसई-दिवा मार्गावर दिवसभरात बोटांवर मोजण्याइतक्याच प्रवासी गाड्या सोडल्या गेल्या, आणि भिवंडीचा मजूर रिक्षात आणि टेम्पोत कोंबून जात राहिला. हे रूळ बंदराच्या मालगाड्यांना लागतात, असे कारण दिले जाते. न्हावाशेवा ते दादरी असा मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग उभारण्याचा निर्णय जुन्या रुळांवरचा हाच भार हलका व्हावा म्हणून झाला. मोकळा होणारा वेळ माणसांना मिळणार की आणखी मालाला, याचे लेखी आश्वासन रेल्वेकडून घेतले पाहिजे.

डहाणूचा विचार वेगळा करावा लागेल. तेथे 16 एप्रिल 2013 पासून लोकल जाते, परंतु विरारच्या पुढे दोनच रूळ, त्यांवरच लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या, त्यामुळे लोकलच्या फेऱ्या तुटपुंज्या राहिल्या. तिसऱ्या-चौथ्या रुळाची मंजुरी 2016 ची. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत जाणाऱ्या कामगाराला ही गाडी विरारहून उत्तरेकडे हवी आहे, आणि वेळापत्रक बहुतेक वेळा चर्चगेटकडे तोंड करून आखले जाते. वारली पाड्यांतील मुलाला पालघरच्या महाविद्यालयात दहाच्या आत पोहोचता येते का, हे त्या वेळापत्रकाने सांगितले पाहिजे.

तेव्हा येत्या महिन्यात प्रत्येक शाखेने आपापल्या स्टेशनावर तीन दिवस सकाळी सहा ते दहा उभे राहावे. गाडी किती मिनिटे उशिरा आली, किती जणांना चढता आले नाही, चढणारा कोठे कामाला जातो, घरभाडे किती देतो, पूर्वी कोठे राहत होता, एवढे वहीत टिपावे. भिवंडी रोड आणि कामण रोड येथे पक्षाची शाखा नाही; तेथे वसईच्या व कल्याणच्या कार्यकर्त्यांनी जावे. वह्या जमा झाल्यावर खासदारांना द्यावयाचे निवेदन त्यांतूनच लिहिले जाईल.