तबकडी आणि यंत्र



या व्यासपीठावर आमच्या आधी विद्वान मंडळी बोलून गेली. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे झाले ते कामगारांच्या बैठकांत, कायद्याच्या जुन्या पुस्तकांत आणि साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकावर. म्हणून विषयही आम्ही मनगटावरचाच निवडला आहे. नकली घड्याळातले बिघडलेले यंत्र बदलावे कसे, आणि ते बदलल्यावर घड्याळ खरे होते काय, एवढेच आज सांगावयाचे आहे.

हे जनाबाईचे गाव. येथे एके काळी पहाट जात्याच्या घरघरीवर ओळखली जाई. पुढे रेल्वेच्या शिट्टीवर लोक उठू लागले. त्या वेळेवर कोणाची मालकी नव्हती. मजुरी तासांवर मोजली जाऊ लागली, तेव्हा मात्र घड्याळ कोणाच्या हाती हा प्रश्न उभा राहिला. 1906 साली देशात प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या 39 मिनिटे मागे होती. गिरणीचे घड्याळ पुढे सरकले, म्हणजे कामगाराला तेवढे आधी उठून फाटकावर हजर होणे आले. त्या जानेवारीत हजारो गिरणी कामगारांनी याविरुद्ध निदर्शने केली. ज्याची झोप जाते, त्यालाच 39 मिनिटांची किंमत कळते.

आता आमची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमच्या युनियनचा एक फिटर होता. मोबाईल आत नेण्यास मनाई आणि फाटकावर कामगारांना दिसेल असे घड्याळ नाही, अशी तेथली स्थिती. त्याने परळीच्या यात्रेत एक घड्याळ घेतले. तबकडीवर बड्या स्विस कंपनीचे नाव, वजनाला भारी, किंमत मात्र एका दिवसाच्या मजुरीपेक्षाही कमी. त्या घड्याळावर पाहून त्याने हंगामभर येण्याजाण्याच्या वेळा वहीत लिहिल्या. जादा कामाचे तास बरेच निघाले. 1948 च्या कारखाने कायद्याने अशा कामाला दुप्पट दर ठरवून दिला होता. वही काखेत मारून आम्ही ऐटीत साहेबांपुढे गेलो.

साहेब हुशार होते. त्यांनी वही उघडलीच नाही. फिटरचे घड्याळ मागून घेतले, वेळ जुळवून टेबलावर आपल्या फोनशेजारी ठेवले आणि चहा मागवला. चाळीस मिनिटे बोलणे चालले. उठताना त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवले. ते सहा मिनिटे मागे पडले होते! मागणी तेथेच फेटाळली गेली. काम खरे होते, घाम खरा होता. साक्षीदार तेवढा खोटा निघाला. आम्हाला त्या दिवशी मान वर करवेना, कारण वही पुढे करण्याआधी घड्याळ तपासण्याचे काम आमचे होते.

तेथून आम्ही थेट गंगाखेडच्या बाजारातील एका घड्याळजीकडे गेलो. त्याने मागचे झाकण काढले. बाहेरून एवढे थोरले घड्याळ, आणि आत प्लॅस्टिकच्या रुंद कड्यात बसवलेले नखाएवढे यंत्र! सेलवरच्या घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो. घरी करून पाहावे. सर्किट हेच करते, आणि त्या एका ठोक्याने लहानशी मोटर सेकंदकाट्याला एक पाऊल पुढे टाकते. आमच्या घड्याळात ठोका येत होता. पण हलक्या प्लॅस्टिकची चाके मधूनमधून अडत होती आणि ते पाऊल पडतच नव्हते.

घड्याळजी म्हणाला, "हे दुरुस्त करण्यासारखे नाही, आख्खे मशीन बदला." मशीन बदलणे म्हणजे दिवा बदलणे नव्हे. नवे यंत्र केसच्या उंचीत बसले पाहिजे. चावीच्या दांडीची जागा केसच्या भोकासमोर आली पाहिजे, नाहीतर दांडी घासून मोडते. दांडी मापाने कापावी लागते. जास्त कापली की वाया. तिन्ही काट्यांची भोके नव्या यंत्राच्या आसांना जुळावी लागतात. शिवाय तबकडीच्या पाठीमागे दोन बारीक पाय असतात. ते यंत्रातल्या भोकांत बसतात आणि प्रत्येक यंत्राची भोके निराळी.

त्याने जपानी मियोटा यंत्र काढले. बाकी सारे जमले. तबकडीचे पाय जमेनात. तो म्हणाला, "पाय कापून चिकटवून देतो, नाव तसेच राहील. नाहीतर ही साधी बिननावाची तबकडी या मशीनची आहे." फिटर क्षणभर घुटमळला. मग म्हणाला, "साधीच बसवा. त्या नावानं एकदा तोंडघशी पाडलंय."

मंडळी, आमच्या मते त्या घड्याळाची खरी दुरुस्ती त्या वाक्याने झाली. यंत्र बदलल्याने वेळ बरोबर दिसू लागली असती, पण नावाची चोरी तशीच राहिली असती. कोणी म्हणेल, नक्कल कोण करीत नाही? येथे एक भेद ध्यानात घ्यावा. आमच्या वडिलांच्या मनगटावर एच. एम. टी. चे 'जनता' होते. रोज सकाळी चावी देणे हा त्यांचा नेम. या सरकारी कंपनीने 1961 साली बंगळूरला घड्याळे काढली ती जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने. विद्या परक्याची घेतली, ती उघड करार करून. तबकडीवर नाव मात्र स्वतःचे घातले. नकली घड्याळ याच्या नेमके उलट करते: नाव दुसऱ्याचे आणि आत केरकचरा. गंमत अशी की मियोटा हे त्याच सिटिझनच्या घराण्यातले यंत्र! 'जनता' घडवणाऱ्या कंपनीचा घड्याळांचा धंदा बंद करण्याचा निर्णय सरकारने 2016 साली घेतला. पण विद्या उसनी घ्यावी, नाव उसने घेऊ नये, हा तिचा धडा काही बंद पडलेला नाही.

हाच धडा आम्ही आमच्या संघटनेलाही लावतो. फलकावर मोठे नाव असून भागत नाही. सभासदांची नोंद, वर्गणीचा हिशेब, बैठकांचे इतिवृत्त ही आतली चाके अडू लागली, की साहेबांच्या एका चहात आमचे पितळ उघडे पडते.

पुढल्या हंगामात त्या फिटरने नवी वही घातली. घड्याळ दर रविवारी रेडिओच्या वेळेशी ताडून पाहिले आणि रोजच्या नोंदीवर सोबत्याची सही घेतली. साहेबांनी पुन्हा घड्याळ टेबलावर ठेवले, पुन्हा चहा आला. या वेळी काटा हलला तो फोनच्या बरोबरीने. त्या हंगामाच्या जादा तासांचे पैसे मिळाले, आणि आमच्या मागणीवरून फाटकावर सर्वांना दिसेल असे घड्याळही लागले. पहिल्या हंगामाचे पैसे मात्र बुडाले ते बुडालेच. तो फिटर आम्हाला त्याबद्दल कधी बोलला नाही, आणि म्हणूनच ते आम्हाला विसरता येत नाही.

घरी गेल्यावर आपापली घड्याळे एकदा रेडिओशी लावून पाहा. आमची वेळ संपली, असे समोरचे घड्याळ सांगत आहे. ते बरोबर आहे असे गृहीत धरून आम्ही आपली रजा घेतो.