कामाची ओळख : ‘ॲज’ आणि ‘लाइक’



महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून आली. तरी माणसाचे काम सांगण्याची इंग्रजी रीत वरच्या वर्गांतही पुष्कळदा कच्चीच राहते. मराठीत ‘ती शिक्षिका आहे’ एवढ्याने भागते. इंग्रजीत ‘शी इज अ टीचर’ म्हणावे लागते. त्या इवल्या ‘अ’ला मराठीत जोडीदार नसल्याने मुलांकडून तो हटकून गळतो.

याहून मोठा घोटाळा ‘ॲज’ आणि ‘लाइक’ यांचा. ‘ही वर्क्स ॲज अ ड्रायव्हर’ म्हणजे तो ड्रायव्हर म्हणून काम करतो. तेथे ‘लाइक’ घातले, की तो ड्रायव्हरसारखे काम करतो, अर्थात ड्रायव्हर नव्हे, असा अर्थ होतो. वडिलांवर निबंध लिहिताना मुलाने एका शब्दाने त्यांची नोकरीच काढून घ्यावी, हे बरे नव्हे! वस्तुतः हा भेद त्याला मराठीत उत्तम ठाऊक असतो. ‘सरपंच म्हणून बोलणे’ आणि ‘सरपंचासारखे बोलणे’ यांत तो कधीही गल्लत करीत नाही. त्याच जाणिवेला हात घालावा. व्याख्या पाठ करविण्याची घाई नको. एकच व्यक्ती असलेल्या पदापूर्वी, उदाहरणार्थ ‘ॲज प्रेसिडेंट’ या रचनेत, ‘अ’ येत नाही; तो भाग वरच्या इयत्तांसाठी राखावा.