हिरडा, हलेला आणि गाजा
(जुन्नर येथे युवकांसमोर केलेलं भाषण)



जुन्नर म्हटलं की शिवनेरी, लेणी, नाणेघाट आठवतो. मी आज खिशात हिरडा घेऊन आलोय. आपल्या पश्चिमेला, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात, आदिवासी माणसं उन्हाळ्यात झाडावर चढून ही कोवळी फळं काढतात, वाळवतात, विकतात. हाच बाळहिरडा.

माझी दादी त्याला हलेला म्हणायची आणि पोट साफ होत नसलं की चूर्ण द्यायची. शेजारच्या आजी हिरडा म्हणून तेच द्यायच्या. मला वाटायचं, आपलं औषध वेगळं, त्यांचं वेगळं. पुढे कळलं की संस्कृतातली हरीतकी तीच फारसीतला हलेला. हिरडा, बेहडा, आवळा यांचा त्रिफळा अरबीत गेला आणि 'इत्रीफल' झाला. अब्बासी खलिफांच्या काळात चरक-सुश्रुतांचे ग्रंथ अरबीत उतरले होते. म्हणजे युनानी हे नाव ग्रीसचं, ग्रंथ अरबी-फारसीत, आणि औषध भारतातल्या जंगलातलं.

हाच हिरडा कोरियालाही पोचला. तिथे त्याला 'गाजा' म्हणतात. राजवैद्य हेओ जुन यांच्या 1613 साली छापलेल्या 'दोंगुई बोगाम' या ग्रंथात तो आहे. हा ग्रंथ 2009 पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत आहे.

आता फरक बघा. आयुर्वेद तीन दोष मानतो. युनानी चार खिल्त मानते: खून, बलगम, सफरा, सौदा. कोरियाच्या ली जे-मा यांनी 1894 च्या ग्रंथात माणसांचे चार प्रकार सांगितले, पण ते कुठला अवयव बलवान, कुठला दुबळा यावरून. आकडा जुळला, विचार वेगळा. आणि आपण जो हिरडा पोट साफ करायला घेतो, तोच कोरियात जुनाट जुलाब आणि खोकला थांबवायला देतात!

खरं कोण? फळ कोवळं की पिकलेलं, कच्चं की शिजवलेलं, किती प्रमाणात, यावर बरंच अवलंबून आहे. म्हणूनच 'शेकडो वर्षांपासून चालत आलंय' एवढ्यावर भागत नाही. तपासावं लागतं.

हे मी पुस्तकात वाचून बोलत नाही. माझ्या मामूंना मधुमेह होता. बाजारात बसणाऱ्या एकाने पुड्या दिल्या आणि इन्सुलिन बंद करायला सांगितलं. पायाची जखम चिघळली, पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आम्हीही अडवलं नाही, कारण ते 'आपलं' औषध होतं. ती चूक आमचीही.

कोरियाने 1951 च्या कायद्याने पारंपरिक वैद्यांना वेगळा परवाना दिला. सहा वर्षांचं शिक्षण, मग राष्ट्रीय परीक्षा. 1987 पासून आरोग्य विम्यातही त्यातले काही उपचार आले. आपल्याकडेही 1970 साली कायदा झाला, 2014 मध्ये वेगळं आयुष मंत्रालय झालं. पुण्यात आझम कॅम्पसमध्ये युनानी महाविद्यालय आहे. म्हणजे शिकलेला हकीम मिळतो. आपण विचारत नाही, एवढंच.

तर विचारा. पदवी कुठली? नोंदणी क्रमांक काय? आणि चालू औषध कुणी बंद करायला सांगितलं, तर आधी आपल्या डॉक्टरांना भेटा. यात मजहबचा, परंपरेचा अपमान नाही. हकीम अजमल खान यांनी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात युनानी आणि आयुर्वेद एकाच छपराखाली आणले, आणि संशोधनाचा आग्रह धरला.

शेवटचं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात इथल्या हिरड्याच्या झाडांचं मोठं नुकसान झालं. भरपाईसाठी आदिवासींना पुढे अनेकदा आंदोलन करावं लागलं. हलेल्याचा अभिमान आपल्याला, हरीतकीचा त्यांना. झाडावर चढणारा मात्र कुणाच्याच अभिमानात नाही. पुढच्या वेळी ते मोर्चा काढतील तेव्हा आपण त्यांच्याबरोबर चालू या.