दिल्लीतला एक दिवस आणि आपला रिसाला

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि सोबत ताकीदही दिली आहे, ‘कॉम्प्युटरवर बोलायचं नाही.’ म्हणून मी दिल्लीतल्या एका दिवसाबद्दल बोलणार आहे. कंपनीच्या कामासाठी गेले होते, शनिवार मोकळा मिळाला. बाजारात न जाता तो दिवस मी स्मारकं पाहण्यात घालवला.

सकाळी इंडिया गेट पाहिलं. आपण ते लहानपणी 26 जानेवारीला, शेजाऱ्यांच्या टीव्हीवर दाटीवाटीनं बसून पाहिलं आहे. 42 मीटर उंचीची ही कमान 1931 मध्ये पूर्ण झाली. लांबून नुसती कमान दिसते. जवळ गेलं की दगडात कोरलेली नावं दिसायला लागतात. पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतरच्या अफगाण युद्धात मेलेल्या 13 हजारांहून अधिक सैनिकांची ती नावं आहेत. लोक कमानीकडे पाठ करून फोटो काढतात, आणि नावं त्यांच्या पाठीमागेच राहतात.

तिथून पायी राष्ट्रीय युद्ध स्मारकात गेले. हे स्वतंत्र भारताच्या सैनिकांचं स्मारक, फेब्रुवारी 2019 मध्ये उभं राहिलं. 1972 पासून इंडिया गेटखाली तेवणारी अमर जवान ज्योत जानेवारी 2022 मध्ये इथल्या ज्योतीत विलीन केली. अमर, वीरता, त्याग आणि रक्षक अशी चार वर्तुळं आहेत. त्यातल्या त्यागचक्राच्या भिंती ग्रॅनाइटच्या छोट्या छोट्या पाट्यांनी बांधल्या आहेत. एका सैनिकाला एक पाटी. अशा 25 हजारांहून अधिक पाट्या आहेत.

मला त्यातली एक शोधायची होती. आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीचा थोरला भाऊ सीमेवर धारातीर्थी पडला. ती आज समोर बसली आहे, तिच्या परवानगीनंच सांगते. तिच्या घरचं कोणी अजून दिल्लीला जाऊ शकलेलं नाही. तिनं मला त्याचा नंबर, हुद्दा आणि पलटण लिहून पाठवली होती. ड्युटीवरच्या जवानाला चिठ्ठी दाखवली, तो काही न बोलता सोबत चालू लागला. पाटी सापडली. मी व्हिडिओ कॉल लावला. मैत्रीण बराच वेळ गप्प होती. मग तिनं एवढंच विचारलं, “पाटी स्वच्छ आहे का गं?” मी ओढणीच्या टोकानं पाटी पुसली. खरं तर ती स्वच्छच होती.

सर, तुम्हाला तो आठवत असेल. सुटीवर आला की आपल्या मैदानावर येऊन पोरांकडून कवायत करून घ्यायचा. त्याचं नाव दिल्लीत ग्रॅनाइटवर आहे. आपल्या शाळेत ते कुठंही नाही.

स्मारकाशेजारी परमवीरचक्र मिळालेल्या 21 वीरांचे अर्धपुतळे आहेत. त्यात कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे आहेत. मी इंजिनिअर, त्यामुळे त्यांच्यापाशी जरा जास्त थांबले. ते बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्करातल्या इंजिनिअरांपैकी. एप्रिल 1948 मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे त्यांनी गोळीबारात काढले आणि रणगाड्यांना वाट करून दिली.

दुपारी रिक्षानं दिल्ली छावणीतल्या ब्रार स्क्वेअरच्या युद्ध दफनभूमीत गेले. 1951 मध्ये उत्तर भारतातल्या निरनिराळ्या कबरस्तानांतून दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या कबरी इथं आणल्या. हजाराहून अधिक कबरी आहेत, हिरवळीवर सरळ रांगांत. अधिकारी असो की साधा शिपाई, दगड सारख्याच मापाचा. वयं वाचत गेले, वीस, बावीस, चोवीस. माझा मुलगा एकोणीसचा आहे. पुढं वाचवेना. अखंड हिंदुस्थानच्या 25 हजारांहून अधिक सैनिकांसाठीही तिथं एक स्मारक आहे. त्याचं जोडस्मारक कराचीत आहे. फौज एक होती, देश दोन झाले.

‘छावणी’ हा शब्द तिथल्या फलकावर वाचला आणि मला आपलं हिंगोली आठवलं. रिसाला, तोफखाना, पलटण, पेन्शनपुरा, सदर बाजार. आपल्यातले अर्धे जण या पत्त्यांवरून शाळेत यायचे. रिसाला म्हणजे घोडदळ आणि पलटण म्हणजे पायदळ. पेन्शनपुऱ्यात निवृत्त शिपाई राहत. एकोणिसाव्या शतकात आपल्या गावात हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. पगार निजामाच्या पैशातून, अधिकारी इंग्रज. 1903 मध्ये ही फौज हिंदुस्थानच्या सैन्यात मिसळली आणि तिच्या घोडदळातून डेक्कन हॉर्स झाली. हीच डेक्कन हॉर्स 14 जुलै 1916 ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत भाले घेऊन चालून गेली. सकाळी इंडिया गेटवर वाचलेलं ते महायुद्ध आपल्या रिसाल्यापासून इतकं जवळ होतं! आपण मात्र रिसाला हा शब्द फक्त पत्त्यात लिहिला.

आपल्या भागातल्या सगळ्यांनी काही गणवेश घातलेला नव्हता. 15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला, आपण 17 सप्टेंबर 1948 ला झालो. त्या तेरा महिन्यांत आपल्या खेड्यापाड्यांतली माणसं लढली आणि गेली. वसमतच्या कॉलेजला हुतात्मा बहिर्जींचं नाव आहे. आपल्यातले कितीतरी जण तिथं शिकले. बहिर्जी शिंदे कोण, असं मुलांनी विचारलं तर आपल्याला किती सांगता येईल? प्रत्येकानं मनाशीच उत्तर द्यावं.

दिल्लीत नावं जपायला सरकार आहे, माळी आहेत, पहारा आहे. इथं आपणच आहोत. म्हणून माझी एक सूचना आहे. शाळेच्या ग्रंथालयात एक जाड, बांधीव वही ठेवू या. सैन्यात गेलेले आपल्या शाळेचे विद्यार्थी, मग ते परतलेले असोत वा न परतलेले, आणि मुक्तिसंग्रामात उतरलेली आपल्या गावांतली माणसं, यांची नोंद त्यात करू या. नाव, गाव, साल आणि घरच्यांनी सांगितलेल्या चार ओळी. वेबसाइट मी पुढं करून देईन, ते माझं कामच आहे. पण आधी वही हवी, कारण ज्यांना सगळं आठवतंय ते आजी-आजोबा वेबसाइटवर लिहिणार नाहीत. त्यांच्या ओसरीवर जाऊन बसावं लागेल, आणि ते लवकर करावं लागेल.

वही मी आणली आहे. जेवणाच्या मंडपात दाराजवळच्या टेबलावर ठेवते, पेनही बांधून ठेवलाय. आपापल्या गावातलं एक नाव लिहूनच जेवायला बसा.