फोन घ्यावा प्रणाली पाहून

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



‘स्मार्टफोन कोणता घ्यावा’ या विषयावर बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली आहे. आम्ही तंत्रज्ञ नव्हे. कला शाखेचे पदवीधर आणि केंद्र सरकारचे सेवक आहोत. तथापि खरेदीच्या फायली हाताळताना एक गोष्ट अंगवळणी पडली. वस्तूची किंमत ती घेतल्या दिवशी कळत नाही; ती किती वर्षे निभावली यावरून कळते. आज जे सांगावयाचे आहे त्याचे सार एवढेच.

महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपणां सर्वांना फोन ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. गावाकडचे आप्त, परदेशी गेलेली मुले, बँक आणि निवृत्तिवेतन ही सारी त्या एका पेटीत येऊन बसली आहेत. असे असता दुकानात आपण विचारतो ते कॅमेऱ्याविषयी, बॅटरीविषयी, फार तर रंगाविषयी. आत जी कार्यप्रणाली असते, तिची चौकशी क्वचितच होते. कार्यप्रणाली म्हणजे कार्यालयातील प्रशासन शाखाच म्हणावयाची. प्रत्येक ॲप हा अर्जदार. त्याला तुमचे फोटो पाहू द्यावेत की नाही, कॅमेरा वापरू द्यावा की नाही, ही मंजुरी या शाखेमार्फत जाते.

ही शाखाच बंद पडली तर काय होते, हे आपण पाहिले आहे. नोकियाच्या फोनांतील सिम्बियन एके काळी घरोघरी होती. आज तिचे नावही तरुणांस ठाऊक नाही. विंडोजच्या फोन-प्रणालीला मिळणारा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला. अधिकारीवर्गात मानाचे स्थान मिळवलेल्या ब्लॅकबेरीच्या जुन्या प्रणालीच्या सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी थांबल्या. ते फोन मोडले नव्हते. त्यांच्यामागे उभे राहणारे कोणी उरले नाही.

आज सामान्य ग्राहकापुढे वस्तुतः दोनच पर्याय आहेत. ॲपलचा आयफोन २००७ मध्ये आला. त्याची प्रणाली आयओएस, आणि ती अन्य कोणत्याही कंपनीच्या फोनावर मिळत नाही. गूगलने २००५ मध्ये विकत घेतलेल्या अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ मध्ये बाजारात आला. ही प्रणाली अनेक कंपन्या आपापल्या फोनांत घालतात.

आपल्या परिचयाच्या भाषेत सांगावयाचे तर आयफोन म्हणजे सरकारी क्वार्टर. बांधणी एकसारखी, दुरुस्ती एकाच खात्याकडे, मात्र भिंतीला खिळा ठोकावयाचा तरी नियम पाहावा लागतो. अँड्रॉइड म्हणजे स्वतःच्या प्लॉटवरचे घर. हवे तसे बांधावे, परवडेल तेवढे खर्चावे. पण कंत्राटदार कसा निघतो यावर सारे अवलंबून. म्हणूनच ‘अँड्रॉइड चांगला की वाईट’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘कोणत्या कंपनीचा’ हेही विचारले पाहिजे.

कंत्राटदाराची पारख कशी करावी? प्रणालीत चोरवाटा सापडत राहतात आणि त्या बुजवणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या कंपनी वेळोवेळी पाठवते. त्या किती वर्षे मिळणार, हा आमच्या मते पहिला प्रश्न. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस २४ साठी सात वर्षांचे आश्वासन दिले. परंतु हे वरच्या किमतीचे फोन. त्याच कंपनीच्या स्वस्त फोनास तीच मुदत मिळते असे समजू नये. आयफोनचा पूर्वेतिहास चांगला आहे. २०१९ च्या आयफोन ११ ला २०२५ ची नवी आवृत्तीही मिळाली. तथापि तेथेही अमरपट्टा नाही. मे २०२५ मध्ये आयफोन ५ एस व आयफोन ६ यांवरील व्हॉट्सॲप बंद झाले.

आता हिशेब मांडू. उदाहरणादाखल, पंधरा हजारांचा फोन घेतला आणि त्याच्या दुरुस्त्यांची दोनच वर्षे शिल्लक असली, तर वर्षाला साडेसात हजार पडले. तीस हजारांच्या फोनाची सहा वर्षे शिल्लक असली, तर वर्षाला पाच हजार. सर्वांत कमी दराची निविदा सर्वांत स्वस्त असतेच असे नाही, हे येथील सरकारी नोकरांना वेगळे सांगावयास नको. एक सावधगिरी मात्र बाळगावी. ही मुदत बहुधा फोन प्रथम बाजारात आला तेव्हापासून मोजली जाते. सवलतीत मिळणाऱ्या जुन्या मॉडेलची अर्धी मुदत दुकानाच्या फळीवरच सरलेली असू शकते.

दुसरा प्रश्न फसवणुकीचा. अलीकडे लग्नाची निमंत्रणपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती म्हणून व्हॉट्सॲपवर एक फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. ती पत्रिका नसून ॲप असते. ते फोनात बसवले आणि मागेल त्या परवानग्या दिल्या, की बँकेचे संदेश परक्याच्या हाती पडतात. अँड्रॉइड बाहेरून आलेले ॲप बसवू देतो. भारतातील आयफोनावर अशी फाइल चालत नाही. एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी हा फरक लहान नव्हे. अँड्रॉइड असल्यास सेटिंगमध्ये जाऊन अनोळखी स्रोतांतील ॲपची परवानगी बंद ठेवावी. मात्र आपणच दूरध्वनीवर ओटीपी सांगितला तर कोणतीही प्रणाली वाचवू शकत नाही. पैसे गेल्याचे ध्यानात येताच १९३० या क्रमांकावर कळवावे. तेथे विलंब म्हणजे हानी.

तिसरा प्रश्न आपल्या कामांचा. निवृत्तिवेतनधारकांसाठी चेहऱ्यावरून हयातीचा दाखला देण्याची सोय नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली, ती अँड्रॉइडवर. ‘भीम’ ॲपही डिसेंबर २०१६ मध्ये प्रथम अँड्रॉइडवर आले, आयफोनावर त्यानंतर. तेव्हा आपणांस लागणाऱ्या पाच-सहा ॲपांची यादी करून ती घ्यावयाच्या फोनावर चालतात का, हे आधी पाहावे. देवनागरीत लिहिणे दोहोंवर उत्तम होते.

परदेशातून मुले आयफोन पाठवतात, त्यांच्यासाठी एक सूचना. आयफोन १४ पासून, म्हणजे २०२२ पासून, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनात सिमकार्ड घालण्याची जागाच नाही. त्यात केवळ ई-सिम चालते. आपली दूरध्वनी कंपनी ते आपल्या गावी देते का, हे विचारूनच भेट स्वीकारावी.

सारांश, दीर्घ मुदत आणि कमी कटकट हवी, पैसाही आहे, त्यांनी आयफोन अथवा सात वर्षांच्या आश्वासनाचा अँड्रॉइड घ्यावा. खर्च मर्यादित असेल त्यांनी अँड्रॉइडच घ्यावा, पण मुदत विचारून, आणि ती संपली की त्या फोनावर बँकेचे व्यवहार करू नयेत. दोन्ही बाजू समान वाटल्या तर घरात किंवा शेजारी ज्या प्रणालीचा जाणकार असेल, ती घ्यावी. अडल्या वेळी कंपनीच्या मदत-क्रमांकापेक्षा शेजारचा मुलगा लवकर येतो. आपल्या मंडळात असे तरुण पुष्कळ आहेत. महिन्यातून एक रविवार त्यांनी ज्येष्ठ सभासदांचे फोन तपासून दिले, तर सुवर्णमहोत्सवी वर्षातील तो एक उपयुक्त उपक्रम ठरेल. कार्यकारिणीने या सूचनेचा विचार करावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.